अर्ध्या गाडीचा दर

माझा नातू ज्याला हल्ली डिटेलिंग म्हणतो, त्याला आम्ही गाडी घासणं म्हणायचो. काम तेच. त्याने दुकानात काचेमागे दरांचा चकचकीत फलक लावलाय: शोरूमवाल्यांसाठी एक रांग, घरच्या गाड्यांसाठी दुसरी. मी त्या फलकाखाली खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा चपला सांभाळायला ठेवलाय. वाटू दे. शोरूमला काय दर लावायचा आणि घरच्या माणसाला काय, हे मी ज्या भावाने शिकलो तो भाव त्या फलकावर मावणार नाही. म्हणून लिहायला बसलो. सातवीत दोनदा बसलेला माणूस लिहितोय म्हटल्यावर नातसून म्हणाली, आजोबा, मी शुद्धलेखन तपासून देते. म्हटलं, तू तुझ्या कणकेचं बघ.

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. भोपाळ म्हटलं की लोक तलावाबद्दल विचारतात. आमच्या लहानपणी तलाव म्हणजे पाहुणे आले की दाखवायची वस्तू होती. आमचं भोपाळ म्हणजे एकाला एक चिकटलेले क्वार्टर, मधे सरळ रस्ते, कडेने चुना मारलेले दगड, आणि दिवसातून ठरल्या वेळी बोंबलणारा कारखान्याचा भोंगा. आई त्या भोंग्यावर वरणाला फोडणी द्यायची. भोंगा उशिरा झाला तर वरण उशिरा, पण घड्याळाकडे बघायचं नाही. बाबा कारखान्यात रंगखात्यात होते, मोठमोठ्या यंत्रांना करडा रंग मारायचे. त्यामुळे आमच्या घरात जे जे लोखंडाचं आणि लाकडाचं होतं ते करडं होतं. खाट करडी, ट्रंक करडी, सायकल करडी, देवघराची फळीसुद्धा करडी. शेजारचेही तसेच. एकदा सगळ्या ओळीच्या खुर्च्या हळदीकुंकवाला एकत्र आल्या, तर जाताना कुणाची कुठली ते कुणालाच सांगता येईना.

वसाहतीत माणसाची किंमत क्वार्टरवरून ठरायची. आमचे दोन खोल्यांचे, पुढे बाबूंचे तीन खोल्यांचे, त्यापुढे पेरूची झाडं असलेले साहेबांचे बंगले. भाजीवालाही बंगल्यांकडे जाताना कोथिंबिरीवर पाणी मारायचा आणि भाव वाढवायचा. मी शाळा सोडून सायकली, मग स्कूटरी आणि शेवटी गाड्या घासायला लागलो, तेव्हा माझाही दर तसाच होता. दोन खोल्यांवाल्याची स्कूटर कमी पैशांत, तीन खोल्यांवाल्याची थोड्या जास्त, आणि बंगल्यातली मोटार पूर्ण चाळीस रुपये. कुणी शिकवलं नव्हतं, दुसरा दर असतो हेच माहीत नव्हतं. आईच्या जुन्या लुगड्यांची फडकी, रंगावरचे ओरखडे काढायच्या रबिंगचा डबा, मेणाचं पॉलिश, दात घासायचा जुना ब्रश, एवढं सामान करड्या सायकलीला लटकवून मी निघायचो. गाडी सावलीत लावायची, धुवायची, वाळू द्यायची, मग तळहाताएवढा भाग घेऊन गोल गोल घासत जायचं. घाई केली की उन्हात वळ दिसतात. माझ्या हातचे वळ आजवर कुणाला दिसलेले नाहीत.

घरच्या गिऱ्हाइकाचं एक असतं. तो स्वतः तिथे उभा राहतो. चहा देतो, आणि त्या चहाच्या बदल्यात चार जागा बोटाने दाखवतो. मग बायकोची स्कूटर आणून लावतो, "हिच्यावर पण जरा हात फिरव रे" म्हणतो. मग मुलाची तीनचाकी. पण काम आवडलं तर शेजाऱ्याला सांगतो, आणि पुढच्या वेळी तूच ये म्हणतो. मला ते "तूच ये" फार आवडायचं. शाळेत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

बाबांना मात्र या धंद्याची लाज वाटायची. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर खाली करून द्यावं लागायचं. मुलगा कारखान्यात लागला असला तर त्याच्या नावावर एखादं मिळायचं, नाहीतर ट्रंका उचला आणि चालू लागा. म्हणून बाबांनी एकच ध्यास धरला होता, मला हेल्पर म्हणून चिकटवायचा. भरती भरतीखात्याच्या साहेबांच्या हातात होती. ते साहेब आपलेच, मराठी, पुण्याकडचे. परचुरे त्यांचं नाव. वसाहतीतल्या गणपतीचे अध्यक्ष तेच. दर वर्षी आरतीनंतर बाबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहायचे आणि साहेब म्हणायचे, "रामभाऊ, बघू या ना. आपली माणसं आहात तुम्ही." त्या वाक्यावर आमच्या घरात वर्षभर आशा शिजायची. आई वांग्याची तिखट भाजी आणि भाकरी वाढता वाढता म्हणायची, "गज्या, साहेबाच्या समोर जिभेले जरा आवर घालत जा बापा. तुह्या तोंडापायी हे घर जाईन एक दिवस."

आता चंदूसेठ. होशंगाबाद रस्त्याला त्याचा जुन्या गाड्यांचा बाजार होता. मंडीदीपला नवे कारखाने निघत होते, तिथल्या सुपरवायझर लोकांना गाडी हवी असायची आणि नवी परवडायची नाही. चंदूसेठ पक्का भोपाळी. तोंडात पान, आणि प्रत्येक वाक्यात "खां", म्हणजे आपलं "भाऊ". त्याच्याकडे एकदम आठ-दहा गाड्या उभ्या असायच्या, धुळीने माखलेल्या. माझं नाव ऐकून त्याने मला बोलावलं आणि एका बाटलीहिरव्या अँबेसिडरवर हात मारून विचारलं, "बोलो खां, क्या लोगे?"

मी विचारात पडलो. हा कुठल्या क्वार्टरवाला? याला तर क्वार्टरच नाही. पण एवढ्या गाड्यांचा मालक म्हणजे बंगलेवाल्याच्या वरचा. मी छातीठोक सांगितलं, "चालीस."

सेठ हसला. "अरे खां, चालीस तो साहब लोग देते हैं, जिनके पास एक गाड़ी है. मेरे पास तो रोज़ की गाड़ियाँ हैं. थोक का भाव लगाओ. बीस."

"ज़्यादा गाड़ी तो ज़्यादा मेहनत, सेठ. भाव कम कायको?"

"तुमको घर-घर फिरना नहीं पड़ेगा. कोई सर पे खड़ा नहीं रहेगा. चाय पिला के कोई चार काम नहीं निकालेगा. ये सब का पैसा नहीं है क्या?"

आता खरं सांगायचं तर सेठचं म्हणणं बरोबर होतं. आज नातवाच्या फलकावर शोरूमची रांग स्वस्त आहे ती याच कारणाने. शोरूमवाला गाडी देतो, तोंड देत नाही. त्याला पायपुसण्याखालची माती काढलेली नको असते, रस्त्यावरून जाणाऱ्याचं डोकं वळलं की झालं. घरचा माणूस त्याच गाडीत वर्षभर बसणार, त्याला सगळं हवं. काम वेगळं म्हणून दर वेगळा. एवढी साधी गोष्ट. पण मला तेव्हा वाटलं, हा माझ्या हाताची निम्मी किंमत करतोय. एखाद्याने मला निम्मं म्हटलं की माझं डोकं जागेवर राहत नाही. अजूनही नाही.

मी म्हटलं, "बीस में आधी होगी."

"आधी क्या?"

"आधी गाड़ी."

सेठला वाटलं पोरगा गंमत करतोय. "ठीक है खां, आधी कर दो," म्हणून तो जेवायला निघून गेला. मी सुतळी घेतली, पुढच्या जाळीपासून टपावरून डिकीपर्यंत बरोबर मधोमध ताणून बांधली आणि डावी बाजू घासायला घेतली. असं काम मी आयुष्यात परत केलं नाही. रागाने माणूस बारीक काम करतो, हे मला त्या दिवशी कळलं. डावा दरवाजा असा झाला की त्यात समोरचं पानाचं दुकान दिसत होतं, दुकानदार चुना लावतोय तो सुद्धा. उजवी बाजू मात्र गावाकडच्या चुलीमागच्या भिंतीसारखी. सुतळी सोडली तर मधे रेघ अशी सरळ होती की बाबांच्या खात्यातल्या पट्टे मारणाऱ्याने सलाम ठोकला असता.

सेठ आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मला वाटलं आता चाळीस काढतो. त्याने वीस मोजून हातावर ठेवले, ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडी फिरवून घासलेली बाजू रस्त्याकडे करून लावली. उजवी बाजू गेली भिंतीला.

"दीवार को क्या दिखाना है, खां," सेठ म्हणाला. "कल से सब गाड़ी आधी ही करो."

म्हणजे मी ज्याची जिरवायला गेलो त्याने माझ्याकडूनच नवा धंदा शिकून घेतला.

त्यापुढचं मात्र मला दुसऱ्या दिवशी कळलं. संध्याकाळी परचुरे साहेब गाडी बघायला त्याच बाजारात गेले. त्यांना ती बाटलीहिरवी आवडली. पण साहेब हुशार, भिंतीकडून घुसून बघितलं. म्हणाले, ही बाजू मळकी आहे, पैसे कमी करा. सेठने काय केलं असेल? एक रुपया कमी केला नाही. म्हणाला, साहब, पॉलिश का काम चालू है, लड़का आपकी ही कॉलनी का है, बाकी आधी घर आके कर देगा. झालं. माझे हात मला न विचारता गाडीबरोबर विकले.

साहेबांचा चपराशी मला बोलवायला आला. मी गेलो. साहेब व्हरांड्यात बसून पेरू कापत होते.

"ये गजानन. ती उजवी बाजू तेवढी उरकून टाक."

"हो साहेब. घरी येऊन करायचे म्हणून पंचवीस होतील."

साहेबांनी सुरी खाली ठेवली. "पंचवीस? अरे, त्या माणसाने सांगितलंय, ते किमतीतच धरलेलं आहे."

"त्याने मला अर्ध्याचेच दिलेत साहेब. उरलेली आता तुमची गाडी आहे."

"असं कसं? आणि आपल्या माणसांत काय रे असा हिशेब? रामभाऊंचा मुलगा ना तू?"

आता बघा. चंदूसेठने निम्मा दर मागितला, पण मागितला तरी. साहेबांकडे तिसराच दर निघाला, आपल्या माणसांचा, आणि तो होता शून्य. वर्षभर आरतीनंतर आम्ही आपली माणसं होतो, ती काय भावाने होतो ते मला त्या व्हरांड्यात कळलं. मी म्हटलं, "साहेब, आपल्या माणसाला आधी द्यायचे ना." आणि सायकलवर टांग टाकून निघून आलो. साहेबही हट्टी. पंचवीस रुपये त्यांच्या बागेतल्या खताचे असतील, पण द्यायचे नाहीत म्हटल्यावर नाहीत.

मग वसाहतीने तमाशा बघितला. साहेब रोज त्या गाडीतून कारखान्यात जाऊ लागले. डाव्या बाजूच्या पहारेकऱ्याला वाटायचं नवीन गाडी आली, तो टाच आपटून सलाम ठोकायचा. उजव्या बाजूचा विचारायचा, पास कुठाय. स्टेडियमच्या कट्ट्यावर बसणाऱ्या पोरांनी तर पैजा लावल्या, आज गाडी कुठल्या बाजूने येणार. बायका भाजी घेता घेता म्हणायच्या, साहेबीणबाई नेहमी डावीकडेच बसतात हो. साहेबांच्या कानावर हे गेलंच असणार, कारण बाबांना खात्यातून बोलावणं आलं.

त्या दिवशी बाबा घरी आले ते थेट जेवायला बसले. आईने पाटावर ताट ठेवलं, त्यांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. "यादी लागतेय पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, मुलाला व्यवहार कळत नाही असं दिसतं."

"मले कळते," मी म्हटलं. "म्हणून तर पैसे मागितले."

"गज्या, पंचवीस रुपये मी देतो तुले. माह्याकडून घे."

"तुम्ही काहून द्यान? गाडी तुमची हाय का?"

आईने डोक्यावर हात मारला. "बाप तसा पोट्टा! मी कुठं जाऊ हे दोन दगड घेऊन?" आम्हाला कुणालाच तेव्हा हसू आलं नाही. निवृत्तीला किती दिवस उरलेत ते भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारायचीही गरज नव्हती. पत्र्याच्या ट्रंका खाटेखालून बाहेर काढून आई त्यांना ऊन दाखवू लागली होती.

रविवारी सकाळी उठलो तर सायकल होती, पण सामानाची पिशवी नव्हती. रबिंगचा डबा, मेण, फडकी, काहीच नाही. आई मागच्या दारात भांडी घासत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुहा बाप साहेबाकडे गेला." मी सायकलवर टांग मारली.

बंगल्याच्या पेरूच्या झाडाखाली ती अँबेसिडर उभी होती आणि तिच्या उजव्या दाराशी माझे बाबा गुडघ्यांवर बसून घासत होते. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. एवढ्या वर्षांत त्यांना मी घराबाहेर जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. साहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. मला बघून म्हणाले, "शिक काहीतरी वडिलांकडून."

मी बाबांच्या हातातलं फडकं धरलं. "उठा बाबा. चला घरी."

"सोड."

"मी करतो मग. फुकट करतो. उठा तुम्ही."

"सोड म्हटलं ना. तिकडे उभा राह्य."

मी उभा राहिलो. दुसऱ्याचं काम उभं राहून बघायचं म्हणजे काय, ते घरच्या गिऱ्हाइकांना कळत असेल का, देव जाणे. बाबांचा हात रंगाचा होता, घासण्याचा नव्हता, पण वर्षानुवर्षं यंत्रांवर फिरलेला हात होता. त्यांनी घाई केली नाही. दार, मागचं मडगार्ड, डिकी, टप. सावली सरकली तशी गाडी थोडी पुढे ढकलून घेतली. मी ढकलायला हात लावला तेवढा चालला. शेवटी ते उठले, कंबर धरून जरा थांबले, आणि फडक्याची घडी करून म्हणाले, "झालं साहेब."

साहेब उतरून आले. गाडीभोवती फिरले, वाकून बघितलं. काम चांगलंच झालं होतं. माझ्याइतकं नाही, पण चांगलं. साहेबांचा चेहरा खुलला. आणि इथेच माणूस चुकतो बघा, खूश झाला की. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोन रुपये काढले, बाबांच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "छान. हे घ्या रामभाऊ, चहा प्या."

बाबांनी ते दोन रुपये बघितले. उलटून बघितले. माझे बाबा फुकट काम करायला आले होते, हे लक्षात घ्या. फुकट करून हात जोडून परत गेले असते, घरी येऊन जेवले असते, आणि मी बहुतेक पुढच्या महिन्यात हेल्पर झालो असतो. पण बक्षीस हा काही त्यांचा दर नव्हता. त्यांनी ते पैसे गाडीच्या बॉनेटवर ठेवले, मी घासलेल्या बाजूला.

"कमी आहेत साहेब," ते म्हणाले.

"अं?"

"पोराचा दर पंचवीस आहे. घरी येऊन करायचा."

साहेबांनी आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना हसावं की रागवावं ते ठरवता येईना. व्हरांड्यात साहेबीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "अहो, देऊन टाका ना. सगळी कॉलनी हसतेय." साहेब आत गेले, बराच वेळ आत होते, आणि बाहेर आले ते पंचवीस रुपये घेऊन. बाबांच्या हातात न देता त्यांनी ते माझ्या हातात दिले. "बरं आहे रामभाऊ," ते म्हणाले. दर आरतीला म्हणायचे तसं "बघू या" म्हणाले नाहीत. बाबांनीही विचारलं नाही. आपली माणसं आम्ही तिथवरच होतो.

यादीत माझं नाव नव्हतं हे वेगळं लिहायला नको. हल्लीचे लोक म्हणतात, आजोबा, बरं झालं, हेल्पर झाला असता तर हे दुकान कुठे असतं. त्यांना मी म्हणतो, तुम्ही पक्क्या नोकरीत आहात म्हणून असं बोलता. आई पुढे किती वर्षं पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली भांडी मांडत बसली ते तुम्ही पाहिलेलं नाही.

आम्ही बंगल्यातून निघालो. मी सायकल हातात धरून चालत होतो, बाबा बाजूने. पिशवी त्यांनी खांद्याला लावली होती, मी मागितली तर दिली नाही. पाण्याची टाकी आली. मग त्यांनी विचारलं, "तो बाजारवाला तुले काय देते?"

"वीस. अर्धीचे."

"आणि पूर्ण गाडीचे मागितले तर?"

"वीसच म्हणते."

बाबा पुढे चालत राहिले. आमच्या ओळीतल्या पहिल्या क्वार्टरपाशी आल्यावर थांबले, आमच्या दाराकडे बघितलं. आई दारातच उभी होती, हात पुसत.

"उद्यापासून वाढव," ते म्हणाले. "आता भाडं भरा लागन."